सरवा

ही वही माझ्या वडिलांची. शांतवन आढाव,
चर्चचे खजिनदार, एकवीस वर्षं.
हंगामाच्या सणाचा लिलाव, तारीखवार:
दुधी, नारळाची जोडी, गहू एक पायली,
आणि एका कोंबड्यापुढे प्रश्नचिन्ह.
तो म्हणे पुकारा व्हायच्या आधीच
भिंतीवरून रास्ता पेठेकडे गेला.

आता वही माझ्याकडे.
उपासना संपली की वेदीपुढचं सगळं
अंगणातल्या टेबलावर येतं.
ऊस, कणसं, झेंडू, सुवार्तामावशींचा केक,
जो दर वर्षी त्यांचाच मुलगा सोडवून नेतो.

आमच्यात आता कुणाचंच शेत नाही.
भाजी पहाटे मार्केट यार्डातून येते
आणि आम्ही ती देवापुढे ठेवतो
घाम आमचाच असल्यासारखी.
पाळक म्हणाले, पहिलं फळ त्याचं.
मी लिहिलं: पहिलं फळ, चाळीस रुपये किलो.

त्याच आठवड्यात आमच्या गच्चीवर
हन्नोक झिराडकर मांडव घालत होते.
तीन बाजूंना चादरी, चौथीला पाण्याची टाकी,
वर झावळ्या, महापालिकेनं झाड छाटलं तेव्हा
रिक्षातून आणलेल्या, अर्ध्या बाहेर लोंबत.
एका स्टुलावर महाळुंग, मऊ फडक्यात,
तान्ह्या बाळासारखं.
चेअरमन वर येऊन म्हणाले, पाऊस आला तर?
"तर खाली येऊ."
ताडपत्री देऊ का?
"नको. चांदण्या दिसल्या पाहिजेत,
नाहीतर मांडव चालत नाही."

मी उरलेला झेंडू घेऊन गेले.
ते म्हणाले, मांडव आम्ही उशिरा शिकलो.
कोकणात घाणा चालवायचो, शनिवारी बंद ठेवायचो,
बाकी पुष्कळसं विसरलं होतं.
खीर तेवढी राहिली. नव्या तांदळाची,
नारळाच्या दुधातली. पोथ्या नव्हत्या,
पण जिभेला ठाऊक होतं
की नवं धान्य आलं की आधी त्याचं नाव घ्यायचं.

मग कणगी भरल्यावर घर सोडून
इथं का बसायचं, सात दिवस, डासांत?
"भरली म्हणूनच.
भरल्या घरात माणूस छपरालाच देव मानतो."

मला आमचा पन्नासावा दिवस आठवला.
तेही मोजतात, सात आठवडे, आम्हीही.
त्यांना त्या दिवशी नियम मिळाला,
आमच्यावर वारा आला, आग आली.
खाली शेतात मात्र तोच गहू कापला जात होता.
एका परातीतल्या पिठाच्या दोन भाकरी,
तवे वेगळे.

त्यांनी विचारलं, लिलावात उरतं त्याचं काय करता?
निम्म्या भावात देतो, म्हटलं. हिशेब बसावा लागतो.
ते झावळी नीट करत राहिले.
"शेताचे कोपरे कापायचे नसतात.
पेंढी विसरली तर परत जायचं नसतं.
तो सरवा. ज्याला पोट आहे त्याचा.
द्यायचाही नसतो तो,
नुसता राहू द्यायचा,
म्हणजे घेणाऱ्याला वाकावं लागतं ते जमिनीपुढे,
आपल्यापुढे नाही."

शेताला कोपरे असतात.
दीड खोलीला असतात ते झाडायचे.

त्या रात्री बेरीज करताना
एक भोपळा मी लिहिला नाही.
फाटकाशी, बोगनवेलीखाली, राहू दिला.
सोमवारी होता. मंगळवारी होता,
माझी छाती धडधडली, चोरी केल्यासारखी.
बुधवारी नुसता देठ होता,
आणि तोही कुणी नीट बाजूला ठेवलेला.

मग मी वही मागं मागं चाळली.
एकोणऐंशी, कोंबडा, प्रश्नचिन्ह.
ऐंशी, रताळी चार किलो, प्रश्नचिन्ह.
एक्याऐंशी, तांदूळ. ब्याऐंशी, पुन्हा रताळी.
नव्या पैशाचा हिशेब लागला नाही
तर जेवणावर न बसणारा माणूस.

कोंबडा भिंतीवरून जाऊ शकतो.
पण रताळी, अण्णा?